सातवा फेरा

शहरातली नवी बाग चाकांवर होती. जिथं ऊन जास्त, तिकडं सावली द्यायला ती आपली आपण जायची. शहरात उरलेला एकुलता वड तिच्यातच, म्हणून वटपौर्णिमेला गोदाक्का नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत ढकलत सकाळपासून तिच्या मागं होत्या. दोनदा हाती लागला तो नुसता पाचोळा.

"आत्याबाई, फांदी आणून घरीच पुजा की," सून शैला म्हणाली.

"तोडलेल्या फांदीकडं ह्यांचं आयुष्य मागू? अक्कल गहाण टाकलीस काय!"

अखेर विडी कामगारांच्या वसाहतीत बाग सापडली. दुखण्यानं महिनाभर डोळ्याला डोळा न लागलेले अण्णा वडाखाली खुर्ची लावताच गाढ झोपले. गोदाक्का दोरा घेऊन फेरे घालू लागल्या. सहावा झाला आणि वडातून बागेचा आवाज आला, "आजी, सातवा झाला की मी निघते. पलीकडं ऊन वाढलंय."

"आणि नाही झाला तर?"

"पूजा अर्धी टाकून हलायचं नाही, असं मला शिकवलंय."

गोदाक्कांनी अण्णांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला, दोऱ्याचं रीळ मांडीत घेतलं आणि बुंध्याशी बसकण मारली.

"पलीकडच्यांना इकडंच बोलव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सातवा फेरा हे उठल्यावर."