आठ वर्षांपूर्वीची प्रत

ताईच्या शिवणखोलीत दोन मशिनं, एक आरसा, सकाळच्या फसलेल्या अपडेटनंतर सुरू व्हायचं नाव न घेणारा कॉम्प्युटर आणि आम्ही तिघं होतो: ताई, तिची सहा वर्षांची चिमी आणि मी.

कॉम्प्युटर पूर्वस्थितीत न्यायला आत एकच जुनी प्रत शिल्लक होती, आठ वर्षांपूर्वीची. मी ती निवडली. ‘काम पूर्ण होईपर्यंत बंद करू नका,’ असं पडद्यावर आलं आणि टक्के वाढू लागले.

ताई चिमीला नवा फ्रॉक घालून बघत होती.

“नीट उभी राहा गं. तू वळवळतेस आणि माझं माप चुकतं.”

“मामा, बघ ना, माझे हात बाहीत हरवले!”

पंचवीस टक्के. ताईने टेप लावली, काढली आणि पुन्हा लावली. सकाळी चिमीची उंची एकशे पंधरा सेंटीमीटर भरली होती. आता एकशे दोन भरली.

मी बटण दाबून धरलं. मग प्लग उपटला. पडदा तसाच उजळ राहिला, आकडा वाढत राहिला.

“एवढा शिकलास ना? मग थांबव ना रे ते!” ताई ओरडली.

चिमी काहीतरी म्हणाली, पण बोबडं. ताईने तिला घट्ट धरून ठेवलं, म्हणून टेप मी घेतली.

पन्नास टक्के. उंची शहाऐंशी सेंटीमीटर.