आत्याची डाळिंबं

आमच्या शेतकरी बाजाराचा नियम एकच: आपल्या शेतात पिकलं तेवढंच विकायचं. शेजारच्या गावचा बाजार व्यापाऱ्यांचा माल घुसल्यामुळे बुडाला होता, म्हणून मी, म्हणजे बाजाराचा अध्यक्ष, डोळ्यांत तेल घालून राखण करत होतो.

आज सख्ख्या आत्याच्याच टोपलीत एका डाळिंबावर चकचकीत स्टिकर दिसला. दुसरं उचललं, त्यावरही तोच.

"आत्या, हा व्यापाऱ्याचा माल आहे."

"माझ्या झाडांचा आहे," ती म्हणाली, पण घाईघाईने टोपलीवर फडकं ओढलं.

आजूबाजूचे विक्रेते तराजू टाकून गोळा झाले. "घरची आहे म्हणून सोडतोय बघा!" मागून कोणीतरी टोमणा मारला. माझे कान तापले.

"टोपली उचल आत्या. परत या बाजारात यायचं नाही."

बोललो खरा, पण जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या तोंडाकडे बघवेना.

तिने आपली पिशवी उलटी केली. स्टिकरचा अर्धा संपलेला रोल घरंगळत माझ्या पायाशी आला.

"स्टेशनरीच्या दुकानातून आणला. गेल्या आठवड्यात एकसुद्धा डाळिंब खपलं नाही रे."

"मग म्हणून काय स्टिकर लावायचे?"



"तुझीच बायको म्हणाली, 'बिनस्टिकरचं फळ आम्ही घरात आणत नाही, आत्याबाई.'"