नऊचा डिरेलर

तनय सायकल घ्यायला नऊला येणार होता, आणि साडेआठला आसावरीने ती झोपाळ्याच्या कड्यांना टांगली होती. झोपाळा काढून भिंतीला टेकवला होता. खाली वर्तमानपत्र पसरून ती मांडी घालून बसली होती आणि मागच्या चाकाचा स्क्रू हळूहळू पिळत होती.

अंघोळ करून बाहेर आलेला तिचा नवरा, त्रिविक्रम, टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून दारात थांबला.

"काय चाललंय हे? गिऱ्हाईक येईल आत्ता."

"येऊ दे की. तुम्ही स्वल्प पेडल फिरवा."

त्याने पेडल फिरवलं नाही. तो मागच्या गिअरांकडे बघत राहिला. त्यातलं शेवटचं चाक चांगलंच मोठं होतं.

"माझ्या सायकलला हे पोळपाटाएवढं चाक?"

"डॉक्टरांनी हलका गिअर सांगितलाय. मोठ्या चाकाशिवाय हलका कसा होणार?"

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो सायकलवर बसला नव्हता. डॉक्टरांनी सायकल सोडा असं म्हटलंच नव्हतं. पण जन्मभर बारीक टायरची रोड बाईक हाणलेल्या माणसाला हलक्या गिअरवर जाणं म्हणजे भाजी आणायला जाणं वाटतं. त्यापेक्षा विकलेली बरी, म्हणून त्याने सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि मोकळा झाला. मोकळा कसला, दिवसभर घरात नुसती चिडचिड. ती चिडचिड आसावरीने सोसली असती. पण रविवारी पहाटे तिला एकटीला कुलूप लावून आपल्या सायकलवर निघावं लागायचं, आणि तो आत जागा असूनही झोपेचं सोंग घेऊन पडलेला असायचा. ते तिला सोसवत नव्हतं.

बेल वाजली. तनय आला. मूळचा पुण्याचा, नोकरीला इथे महादेवपुऱ्यात, आणि ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे पळणारा. बूट काढता काढताच त्याची नजर टांगलेल्या सायकलकडे गेली.

"काकू, हे काय केलंत? रोड बाईकला माउंटन बाईकचा डिरेलर?" साखळीला एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा तो लोंबता हात त्याने बोटांनी हलवून पाहिला. "आणि तोही नऊ गिअरचा! हँडलवरचा शिफ्टर तर दहाचा आहे. मॅचच होणार नाही."

"मला पण तसंच वाटलं होतं की," आसावरी म्हणाली. "म्हणून आधी माउंटनचा दहाचाच नवा आणला. दहाला दहा. तर साखळी दोन चाकांच्या मधेच खरखरत बसली. आकडा जुळून काय उपयोग? एका क्लिकला हा शिफ्टर जेवढी तार ओढतो, तेवढ्यात नव्याचं भागत नाही. जुन्या नऊच्याचं भागतं."

"अशी टांगलेली असताना भागेल, काकू. चढावर लोड आला की साखळी उडणार." तनय त्रिविक्रमकडे वळला. "सॉरी सर, पण ही आता चालणार नाही. आणि ग्रुपमध्ये लोक हसतील ते वेगळंच."

हसतील, हे त्रिविक्रमला मान्यच होतं. तो स्वतः असल्या सायकलींना हसत आला होता. पण चालणार नाही? आपल्या पोराला आपण हवं ते बोलावं. शेजाऱ्याने बोललेलं खपत नाही. टॉवेल खुर्चीवर पडला.

"तनय, ती खाली काढ."

"सर, तुमचा गुडघा..."

"काढ म्हणतो ना."

पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ त्यांच्या फाटकापासूनच सुरू होतो. त्रिविक्रम लुंगी बदलून, हेल्मेट घालून आला आणि बायकोकडे न बघता सायकलवर बसला. पहिल्या काही हातांत सायकल डुगडुगली. आसावरीने फाटकाची कडी घट्ट धरली. तिला साखळीची काळजी नव्हती, ती तिने स्वतः लावली होती. काळजी होती ती गुडघ्याची.

चढ लागला. एक क्लिक ऐकू आला, मग दुसरा. साखळी मुकाट्याने मोठ्या चाकावर चढली. खरखर नाही, काही नाही. त्रिविक्रमचे पाय शिलाई मशीन चालवल्यासारखे भराभर फिरू लागले, सायकल मात्र आरामात वर जात होती. टाकीपाशी तो वळला आणि दिसेनासा झाला.

आसावरीने कॉफी केली. तनयची पिऊन झाली, त्रिविक्रमची निवली.

"काकू, फोन करू का?"

तेवढ्यात तो उतारावरून आला. घामाने डबडबलेला, तोंडभर हसत. फाटकापाशी थांबेल असं वाटलं, पण थांबला नाही.

"अजून एकदा!" असं ओरडून तो कोपऱ्यावरून वळला आणि पुन्हा चढाला लागला.

तनयने रिकामा पेला खाली ठेवला.

"म्हणजे सायकल काय मला मिळत नाही."

"नाही रे बाबा." आसावरीने हाताला उरलेलं ग्रीस वर्तमानपत्राला पुसलं आणि जिन्याखाली बोट दाखवलं. तिथे तिची माउंटन बाईक उभी होती. मागे डिरेलर नव्हता, साखळी सैल होऊन जमिनीला टेकली होती. "तुझ्याकडे जुना नऊचा एखादा पडलेला आहे का बघ की. रविवारी आम्हाला दोघांना नंदीचा डोंगर चढायचाय."