केरीचं शेपूट

सेजलच्या स्क्रीनवर तीन हजार चाचण्या हिरव्या झाल्या आणि शेवटची लाल.

"परत घे गो सगळं," फोनच्या स्पीकरवरून कृष्णनाथबाब म्हणाले. प्रकल्पातले सर्वांत जुने तेच. "नुसती साफसफाई करते, प्रोग्रामच्या वागण्यात काडीचा फरक पडणार नाही, असं तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. बसगाड्यांच्या वेळा सांगणारा हा प्रोग्राम चाळीस जण मिळून अकरा वर्षं लिहीत होते. कोणी ओळ टॅबने आत सरकवे, कोणी चार स्पेस देऊन. कोणाचा कंस वरच्या ओळीत, कोणाचा खालच्या. व्यक्ती तितक्या प्रकृती, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचवेना. सगळ्यांना एका मांडणीवर राजी करण्यातच सेजलचे दीड महिने गेले होते. आज पाच वाजेपर्यंत बाकीच्यांनी तिच्यासाठी हात थांबवले होते. पाचनंतर जो तो पुन्हा आपापल्या फाइलींत घुसणार, की तिच्या अठराशे फाइलींचं मुसळ केरात.

"काय बिघडलंय ते तरी बघू दे," ती म्हणाली. साडेतीन वाजले होते.

"केरीची बस. सकाळी सातला केरीहून सुटते ती पेडण्याला जायला हवी. तुझी साखळीला चाललीय."

ओसरीवर काजूबिया निवडत बसलेल्या चंद्रावतीने मान वर केली. "खंयची केरी गो?" तिने लेकीला विचारलं. "आपली पेडण्याची, काय ती सत्तरीतली?"

या मुलखात केरीचं नाव निघालं की कोणीही हेच विचारतं. सेजलचे हात थांबले. तिने गावांच्या नावांची जुनी यादी उघडली. केरी दोनदा होती. एका केरीपुढे ओळ संपत होती. दुसरीपुढे कर्सर एक घर पुढे जाऊन थांबला.

एक स्पेस. डोळ्यांना न दिसणारी. ओळींच्या शेवटी राहिलेल्या हजारो फुकट स्पेस तिने उडवल्या होत्या. त्यातली एक म्हणजे तिचं स्वतःचं गाव होतं. ती गेल्यावर प्रोग्रामला दोन्ही केरी एकच झाल्या, म्हणून बस सत्तरीकडच्या साखळीला वळली.

"कृष्णनाथबाब, गावांची यादी कोणी लिहिली?"



"मीच," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी. दोन केरी वेगळ्या ठेवायच्या होत्या. घाईत होतो."

"आणि तुम्ही खंयच्या केरीचे?"

"सत्तरीतल्या."

"म्हणजे तुमची ती नुसती केरी, आणि आमच्या केरीक शेपूट."

चंद्रावती खो खो हसली. फोनमधूनही हसू आलं, जरा ओशाळलेलं.

सेजलने एकीचं नाव केरी-पेडणे केलं, दुसरीचं केरी-सत्तरी. जिथे जिथे शेपूट धरून काम चाललं होतं, त्या सगळ्या जागा शोधून काढल्या आणि चाचण्या पुन्हा सोडल्या. आकडा वर चढत गेला. शेवटची ओळ उरली.

हिरवी.

पावणेपाचला अठराशे फाइली एका दमात आत गेल्या. अकरा वर्षांचा चाळीस हातांचा गुंता आता एका हाताने लिहिल्यासारखा वाचता येत होता, आणि त्या प्रत्येक फाइलीवर ताजं नाव सेजलचं होतं. तिला इतका आनंद झाला, की तिने आईच्या सुपातल्या मूठभर बिया उचलल्या आणि उगाचच परत सुपात ओतल्या.

"जिंकलंस गो," कृष्णनाथबाब म्हणाले. "रविवारी आईला घेऊन जेवायला ये. केरीला."

मग जरा थांबून त्यांनी आपलंच वाक्य दुरुस्त केलं. "केरी-सत्तरीला."