सुकाणूवरचा गडी

संग्रहालयात आपली जुनी शिडाची होडी मांडलेली बघून बाईंना आधी बरं वाटलं. मग त्या जवळ गेल्या आणि तोंडाची चवच गेली. होडीत दोन पुतळे होते. सुकाणूवर एक गडी, छाती काढून उभा. आणि केबिनच्या दारात एक हसतमुख बाई, हातात चहाची किटली.

"ही मी?"

"हुबेहूब जमलीय ना?" संचालक खूश होऊन म्हणाले.

"आणि हा कोण मेला?"

"तसा कोणी नाही हो. तुम्हाला एकटीलाच ठेवलं तर होडी फार रिकामी दिसायला लागली. बघणाऱ्यांनाही पटेना. म्हटलं, सोबत असलेली बरी."

सोबत! एकटीनं जगाला वळसा घालणारी पहिली बाई म्हणून आज यांचाच सत्कार, आणि यांनाच सोबत! वादळात डोलकाठी मोडली तेव्हा हा सोबती कुठे उलथला होता? अंगात ताप असताना फाटकं शीड शिवलं, दुखरा दात स्वतःच उपटला, तेव्हा काय भांग पाडत बसला होता? बाईंना शिसारी आली.

"काढा त्याला."

"आत्ता? अहो, पाहुणे यायला लागले. पुढच्या महिन्यात बघू की. तेवढं सांभाळून घ्या, ताई."

सांभाळून घ्या! जन्मभर हेच ऐकत आल्या होत्या. बाईंनी चपला काढल्या, होडीभोवती लावलेली दोरी ओलांडली आणि सत्तरीच्या गुडघ्यांना शिव्या घालत होडीत चढल्या. गड्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं. आतून पोकळच निघाला. कठड्यावरून ढकलल्यावर तो फरशीवर धाडकन आपटला आणि त्याचं मुंडकं गडगडत खुर्च्यांखाली गेलं. पाठोपाठ किटलीवालीलाही ढकललं. "जा, तूच दे त्याला सोबत!"

सत्काराला जमलेली मंडळी आ वासून बघत राहिली. बरोबर आलेली भाची तेवढी धावत होडीपाशी आली.

"मावशी, अगं काय हे! उतर आधी खाली. सगळे बघतायत."

"बघू देत," बाई सुकाणू धरत म्हणाल्या. "तेव्हा बघायला कोणी नव्हतं, म्हणून तर हा मेला आत घुसला."