निळीशार चार गावं
भूजल खात्यातल्या रेहानने दोंडाईच्याकडच्या चाळीस विहिरींची पातळी मोजली. न मोजलेल्या गावांचं पाणी नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरने क्रिगिंग करून, म्हणजे शेजारच्या विहिरींवरून अंदाज बांधून, भरलं. एका तुडुंब विहिरीपायी नकाशात चार गावं निळीशार झाली. साहेबांनी रेहानची पाठ थोपटली आणि चारही गावांचे टँकर थांबवले. आठवड्याने गावच्या झुंबरअक्कांनी त्याला त्याच विहिरीवर नेलं. पायऱ्या उतरून तळाशी शेळी रवंथ करत होती. “पाणी कुठं गेलं, अक्का?” “ते पानी टँकरनं व्हतं, भाऊ.” मोजणीआधी तासभरच टँकर विहिरीत रिकामा झाला होता. “मग सांगायचं ना!” “तू इचारं कोठे? टेप सोडा, आकडा लिखा, चहा पिना नि गया.” रेहानची मान वर होईना. त्याने फोन लावला. “साहेब, मी विहीर नाही, टँकर मोजला.” साहेबांनी हळूच विचारलं, “आणि बाकीच्या एकोणचाळीस?”