दिवेलागणीचं दूध

प्लेग ओसरून ओतूर गाव पुन्हा भरलं, त्या साली सावळाराम पाटीत कुत्र्याचं पिल्लू घेऊन रूपचंदशेठच्या दुकानापुढून नदीकडं निघाला. "आंधळं जल्मलंय, बाई. बुडवून येतो." "डोळ्यांदेखत जीव बुडवलास, तर देवापुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?" म्हणत उगमबाईंनी पिल्लू पदरात घेतलं. घर जैनाचं, दिवस मावळला की चूल विझायची, कुणाच्या तोंडात घास जायचा नाही. पिल्लाला ना दिवस कळे, ना रात्र. दिवसभर गाढ झोपायचं आणि दिवेलागणीला भुकेनं टाहो फोडायचं. शेवटी उगमबाईंनी चोरून वाटी पिल्लापुढं ठेवली, दुधाचं भांडं कलतं केलं, तोच दुकान बंद करून त्यांचे यजमान रूपचंदशेठ आले. "दिवस मावळला, दिसत न्हाई का?" "मला दिसतंय. त्याला कुठं दिसतंय?" शेठ पिल्लाकडं बघत राहिले. मग त्यांनी आपले डोळे मिटून घेतले. म्हणाले, "ओत."